डीएपीचं पोतं आणि मुळाभोवतीचे जिवाणू

मंडळी, रब्बीची पेरणी तोंडावर आहे, म्हणून थेट डीएपी या खतावरच येतो. पोत्यावर 18-46 छापलेलं असतं, म्हणजे 18 टक्के नत्र (नायट्रोजन) आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस). म्हणजे 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद. पैसे आपण सगळ्याचे मोजतो. पण गहू किंवा ज्वारी पहिल्या हंगामात त्यातला साधारण 15 ते 20 टक्केच उचलते.

मग उरलेला जातो कुठे? तो तुमच्याच रानात पडून असतो. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर. तिथे स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. शिवाय तो मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाला खेटून एक-दोन मिलिमीटरमध्ये असलेला संपला, की बाजूला कितीही असला तरी पीक उपाशीच.

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, इथे उपयोगी पडतात. बॅसिलस आणि स्युडोमोनासच्या काही जाती मुळातून पाझरणाऱ्या साखरेवर जगतात आणि ग्लुकॉनिकसारखी सेंद्रिय आम्लं सोडतात. त्या आम्लानं बांधलेला स्फुरद सुटतो. मात्र चुनखडी हे आम्ल लगेच मारून टाकते. म्हणून जिवाणू मुळाला चिकटूनच वाढले पाहिजेत, आणि म्हणूनच मी रानभर फेकण्यापेक्षा बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्यालाच जिवाणू लावण्याचा, आग्रह धरतो.

ॲझोस्पिरिलम या हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूबद्दल एक गैरसमज काढून टाका. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींसारखं भरपूर नत्र ते ज्वारीला देत नाही. त्याचा मोठा फायदा मुळांना होतो. ते वाढीची संप्रेरकं सोडतं, तंतुमुळं आणि केसमुळं वाढतात आणि तुम्ही टाकलेला युरिया जास्त मुळांना सापडतो. त्यामुळे कल्चर, म्हणजे या जिवाणूंची भुकटी, लावलं म्हणून खत बंद, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माती परीक्षण करा आणि त्यावरून मात्रा ठरवा.

आता लावायचं कसं? दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कल्चर सर्वांत शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. हे बी खतात मिसळू नका, खताच्या क्षारानं जिवाणू मरतात. खत पाभरीच्या वेगळ्या चाड्यातून जाऊ द्या.

पाकीट घेताना तारीख बघा आणि ते दुकानात कुठे ठेवलं होतं तेही विचारा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. पत्र्याखाली उन्हात तापलेल्या पाकिटात ते राहतीलच याची खात्री कोण देणार? आणि माल चांगला असूनही प्रत्येक रानात सारखा फरक दिसत नाही. ओल, सेंद्रिय कर्ब, जमिनीत आधीपासून असलेले जिवाणू, सगळ्याचा परिणाम होतो. तेव्हा यंदा चार ओळी कल्चर न लावता पेरा, खुंट्या ठोकून ठेवा, आणि मळणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजा.