फुगे, पाटे आणि अकरा हजार पौंड

मागे आवाज येतोय ना? बरं. तर आज मला बोलायला लावलंय पिकअप ट्रकवर. आपल्यातले तीन-चार जण सध्या ट्रक कॅम्पर बघतायत, म्हणजे ट्रेलर नाही, मागे ओढायचा नाही, तर ट्रकच्या हौद्यातच बसवायची ती खोली, बेड, फ्रिज, शेगडी सगळं आत. कोलोरॅडोत राहून हा किडा चावला नाही असा माणूस विरळाच. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, सस्पेन्शनला काय लावू? मी पण तिथूनच सुरुवात केली होती आणि तिथेच चुकलो.

माझा ट्रक फोर्डचा एफ-२५०, डिझेल. कॅम्पर विकणारा म्हणाला, थ्री-क्वार्टर टन, म्हणजे भारी वर्गातला पिकअप आहे ना, मग बिनधास्त न्या. मी नेला. घरी आणून टेप लावली, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत, तर मागची बाजू चार इंच खाली गेलेली आणि पुढची अर्धा इंच वर. रात्री घरी येताना समोरचे लोक सारखे डिपर मारत होते, मला वाटलं काय उर्मट लोक आहेत, नंतर कळलं की माझेच हेडलाइट त्यांच्या डोळ्यात जात होते.

मग काय, घेतल्या एअरबॅग. ॲक्सिडेंटमध्ये उघडतात त्या नव्हे, हे रबराचे फुगे असतात, चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बसतात, हवा भरली की मागची बाजू उचलली जाते. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये आडवा पडून बसवले. दोन्ही फुग्यांना मिळून एकच व्हॉल्व्ह, टी म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून, कारण पाईप वाचतो आणि हवा एकाच ठिकाणी भरता येते. सत्तर पीएसआय भरली, ट्रक झाला सरळ, मी खूश. म्हटलं झालं काम.

दोन आठवड्यांनी आय-७० हायवेवर आयझेनहॉवर टनेलच्या पलीकडे निघालो. अकरा हजार फुटांवरचा टनेल तो, आणि बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग सहा-सात टक्क्यांचा उतार, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे रॅम्प करून ठेवलेत त्यावरून समजा. तिथे एका वळणावर वारा लागला आणि कॅम्पर एका अंगावर झुकला तो झुकलाच, लगेच परत येईना. मागे पोरं गप्प, बायकोने डॅशबोर्ड धरलेला. कारण साधं होतं, वळणावर ज्या फुग्यावर दाब येतो त्यातली हवा त्या टी मधून दुसऱ्या फुग्यात पळते, म्हणजे जो कोपरा दबतोय तो अजून दबतो आणि उचललेला अजून उचलला जातो. मी स्वतःच्या हाताने पाईप वाचवून हे करून ठेवलं होतं! दोन बाजूंना दोन वेगळे व्हॉल्व्ह पाहिजेत. आता माझ्याकडे डावीकडे ५५ आणि उजवीकडे ४५ असते, कारण फ्रिज आणि बॅटऱ्या डावीकडे आहेत.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. त्या वर्षी वडील आले होते साताऱ्याहून. शेतकरी माणूस, बैलगाडी भरण्यात आयुष्य गेलेलं. मी कॅम्परमध्ये पाणी भरतोय, हत्यारांची पेटी मागच्या दाराशी ठेवतोय, ते खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "गाडी उलाळ झालीया की रे." उलाळ म्हणजे माहितीये ना, गाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जुपण्या काचतात. मी हसलो, म्हटलं अण्णा, आता फुगे लावलेत. ते काही बोलले नाहीत.

त्या उतारावरनं आल्यावर मात्र मुकाट कॅट स्केलवर गेलो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर तो मोठा वजनकाटा असतो ना, तो. पुढची चाकं एका प्लेटवर, मागची दुसऱ्या प्लेटवर. बोलायचं बटण खांबावर इतकं उंच असतं, मोठ्या ट्रकांच्या हिशोबाने, की पिकअपच्या खिडकीतून हात पुरत नाही. मी खाली उतरून पोराच्या फिशिंग रॉडच्या दांड्याने दाबलं, आतली बाई हसायला लागली. पावतीवर आलं: पुढे ४,२६०, मागे ६,८८०, एकूण ११,१४० पौंड. ट्रकची मर्यादा १०,०००. मागच्या ॲक्सलची ६,२००. आणि पुढचं वजन रिकाम्या ट्रकपेक्षाही कमी, चौघं आत बसलेले असताना! अण्णांना हे कागदाशिवाय दिसलं होतं.

हे वजन आलं कुठनं? माझ्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर आहे, माणसं आणि सामान मिळून २,८३० पौंड. कॅम्परवर लिहिलंय २,६००, पण ते कोरडं वजन. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, तीस गॅलन म्हणजे अडीचशे. दोन जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या सव्वाशे. गॅस, एसी, बाहेरची कनात, आणि आपली स्वयंपाकाची हौस, कुकर, बिडाचा तवा, पोळपाट, पाच किलो तांदूळ... आणि मग आपण चौघं, पाचशे पौंड. बेरीज ३,९६० वर जाते.

आणि हे नीट ऐका. एअरबॅग लावा, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवा, काहीही करा, स्टिकरवरचा आकडा हलत नाही. हे सामान बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच त्यांच्या पुस्तिकेत लिहितात. कारण तो आकडा नुसत्या पाट्यांचा नाही, ॲक्सल, ब्रेक, चाकं, टायर, फ्रेम सगळ्यांचा मिळून आहे. फुग्याने ट्रक सरळ उभा राहतो आणि आपला डोळा फसतो. आधी निदान मागची बाजू बसलेली दिसत तरी होती.

मग हे सगळं लावायचंच नाही का, असं पाटीलकाका विचारतायत. लावायचं की, पण आकड्याच्या आत राहून. त्यातही माझ्या मते पहिले पैसे टायरला. लोड रेंज ई चे, म्हणजे जास्त वजन पेलणारे टायर, माझा एकेक ३,६४० पौंड पेलतो ८० पीएसआयला, पण तेवढी हवा असेल तरच, आणि थंड टायरमध्ये मोजलेली. दरवाजावर लिहिल्यापेक्षा कमी हवेवर लोक कॅम्पर घेऊन फिरतात, मला बघवत नाही. दुसरं, मागचा जाड स्वे बार, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडून ट्रक एका अंगावर झुकू न देणारा लोखंडी दांडा. कॅम्पर उंच असतो, वजन वर असतं, तो डुलणं हाच खरा त्रास, आणि फुगे डुलणं थांबवत नाहीत, बार थांबवतो. तो बसवला त्या दिवशी ट्रक बदलल्यासारखा वाटला. शॉकअप वजन उचलत नाहीत, उड्या थांबवतात एवढंच, ॲडजस्टेबल घ्या म्हणजे रिकामा ट्रक चालवताना कंबर शाबूत राहील. बम्प स्टॉप, म्हणजे ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा, त्याच्या जागी जाड रबर लावणारेही आहेत, त्यात हवा भरायची भानगड नाही, पण उंची कमीजास्त करता येत नाही. आणि कॅम्पर बांधायचे हुक फ्रेमला असावेत, हौद्याच्या पत्र्याला नाही.

हे सगळं लावून मी परत काट्यावर गेलो. पाणी, माणसं तेवढीच. वजन सत्तर-ऐंशी पौंडांनी वाढलं होतं. साहजिक आहे, लोखंडच बसवलं होतं, पण ती पावती बघून बायको जे हसली ते अजून थांबली नाही. अठराशे डॉलर गेले होते.

शेवटी कॅम्परच विकला. वर उचलायच्या छपराचा पॉप-अप घेतला, कोरडा दीड हजार पौंडांचा. पाणी वीस गॅलन, लिथियम बॅटरी, हत्यारं पुढे केबिनला लागून. तिसरी पावती: पुढे ४,३४०, मागे ५,४२०, एकूण ९,७६०. अण्णांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बिडाचा तवा ठेवलास ना?" ठेवलाय.

आता टेप आणि टॉर्च माझ्याकडे आहे. चहा होईपर्यंत खाली पार्किंगमध्ये चला, ज्यांचा ट्रक आहे त्यांनी दार उघडा, एकेकाचं स्टिकर वाचू.