खरकट्याचा ड्रम

श्रोतेहो, नमस्कार.

मी पशुवैद्य. डुकरांचा ताप म्हटलं की लोकांना स्वाइन फ्लू आठवतो आणि हात आपोआप रुमालाकडे जातो. आजचा विषय तो नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, डुकराला मात्र क्वचितच सोडतो. 1921 साली केनियातून त्याची पहिली नोंद झाली; भारतात तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आढळला. त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात डुकरं पाळायची म्हणजे हॉटेल-कँटीनचं खरकटं आलंच. टेम्पोतून निळे ड्रम उतरतात. झाकण काढलं की भात, डाळ, चपात्या आणि मधेच सॉसेजचा तुकडा, एखादं चॉपचं हाड. मला धास्ती त्या हाडाची. या तापाचा विषाणू डुकराच्या गोठवलेल्या मांसातही महिनोन्‌महिने टिकतो.

"उकळलंय हो डॉक्टर," असं सगळेच सांगतात. काठी खुपसून बघितली की मधला भाताचा गोळा नुसता कोमट! वरून वाफ निघते म्हणून आतपर्यंत शिजलं असं होत नाही. पाणी घालून सैल करा, ढवळत राहा, उकळी फुटल्यावर चांगला अर्धा तास जाऊ द्या. आणि ज्या बादलीनं कच्चं ओतलं, तीच बादली शिजलेल्यात बुडवू नका. ही चूक मी शिकल्या-सवरल्यांकडेही पाहिली आहे.

व्यापाऱ्याला वजन फाटकाबाहेर करू द्या; त्याचे बूट चार गोठे फिरून आलेले असतात.

डुकरांचा दुसरा ताप म्हणजे जुना, क्लासिकल स्वाइन फीवर. त्याची लस आहे, ती टोचून घ्याच. पण ताप, खाणं बंद, कान-पोटावर लालजांभळे चट्टे ही लक्षणं दोन्हींत सारखीच. नुसतं बघून मलाही फरक सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

एक डुक्कर मेलं की बाकीची पटापट विकून मोकळं व्हावंसं वाटतं. पैसा अडकलेला असतो, मला कळतं. पण त्याच टेम्पोतून रोग पुढच्या वस्तीत उतरतो. विकू नका, 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009 च्या कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. मेलेलं जनावर खाडीत लोटू नका. डॉक्टर येईपर्यंत ताडपत्रीखाली झाका, कुत्री-कावळे लांब ठेवा. आणि त्या दिवशीचा खरकट्याचा टेम्पो फाटकावरूनच परत पाठवा.