बरोबरीत सुटलेली कुस्ती

नमस्कार श्रोतेहो.

कुंडलच्या मैदानात शेवटची जोड बरोबरीत सोडवली, की माणसं कशी उठतात ते तुम्ही पाहिलंय. धोतराची धूळ झटकत, पंचाच्या नावानं पुटपुटत. पैसे फुकट गेले, असा चेहरा. आज मी सांगणार आहे ती गोष्ट फुटबॉलची आहे, पण तिच्यातही शेवटची लढत बरोबरीत सुटली आणि तरी बघणारी माणसं मैदानात नाचली.

गोष्ट ऐझॉल फुटबॉल क्लबची. ऐझॉल ही मिझोरामची राजधानी. २०११च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची वस्ती सुमारे अकरा लाख होती. आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याची अठ्ठावीस लाखांवर. ऐझॉल शहर तर सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही लहान. पण २०१२ साली मिझोरामनं स्वतःची राज्य लीग सुरू केली, केबलवर गावोगाव दाखवली, आणि दोनच वर्षांत, २०१४ला, संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकून नेली.

क्लबचं मात्र वेगळंच चाललं होतं. आय-लीग म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग. २०१५-१६ला तिच्यात नऊ संघांत हे आठवे. गंमत बघा, नववा होता पुण्याचा संघ, पण त्याला खालच्या श्रेणीत न ढकलण्याचं अभय होतं. म्हणून आठव्याला खाली जावं लागलं! पुढच्या हंगामात गोव्याचे काही क्लब लीग सोडून गेले, जागा मोकळी झाली, आणि हंगाम तोंडावर आला असताना यांना परत बोलावणं आलं.

प्रशिक्षक आले खालिद जमील. मुंबईच्या क्लबात वर्षानुवर्षं घालवलेला, कमी बोलणारा माणूस. सोबत जयेश राणेसारखी मुंबईच्या मैदानांवर खेळलेली पोरं, काही परदेशी, आणि बाकी डोंगरातली मिझो पोरं.

आता जरा हिशेब करू, कारण सगळी मजा हिशेबातच आहे. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. कोलकात्याचा मोहन बागान हंगामभरात दोनदाच हरला. ऐझॉल तीनदा हरलं. मग वर कोण? ऐझॉल, ३७ गुण. बागान ३६. बागानच्या सहा लढती बरोबरीत गेल्या, ऐझॉलच्या चारच. जिथं एक गुण पदरात पडला असता, तिथं ही पोरं तीन मागायला गेली. शेवटून दुसरा सामना घरच्या मैदानावर, समोर खुद्द बागान. ८३व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. आणि मग ऐझॉलच्या झोहमिंगलियाना राल्टेचा गोल.

अन् शेवटी? ३० एप्रिल २०१७, रविवार. शिलाँगला लाजाँग संघाशी गाठ. आता फक्त बरोबरी हवी होती, आणि नवव्या मिनिटालाच लाजाँगनं गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान आपला सामना जिंकणारच होता, जिंकलाही. म्हणजे इथं हरलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात. तासभर चेंडू जाळ्याकडे जायचा आणि परत यायचा. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं तो आत घातला. एक-एक. मग उरलेली वीस-पंचवीस मिनिटं घड्याळाकडे बघत काढायची. मला विचाराल तर तीच सगळ्यात लांब.

शिट्टी झाली. ईशान्येकडचा क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला होता. त्याच खालिद जमील यांच्याकडे २०२५ला भारतीय संघ सोपवला गेला.

ही गोष्ट मी आमच्या तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांना सांगितली. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, “चितपट झाली का?”

म्हटलं, “नाही वस्ताद, शेवटची बरोबरीत सुटली.”

“मग गदा कशी दिली?”

मग पुन्हा पहिल्यापासून गुण समजावले. थोडा वेळ गप्प बसले. “म्हणजे गुणावर काढली. बरं.” आणि हौद्यात उभ्या पोरांवर खेकसले, “बघताय काय? धरा.”

नमस्कार.