इंजिन बांधल्यानंतरचं पहिलं ऑइल

नमस्कार. पत्रिकेवर विषय आहे इंजिनकामानंतरच्या ऑइल बदल्या. तिथे येतोच, पण आधी एका जीपची हकिगत सांगू द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली बरीच मंडळी समोर दिसताहेत, तेव्हा होनिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेषा पाडणं, यावर जास्त बोलत बसत नाही.

आमच्या शेजारच्या काकांची डिझेल जीप. द्राक्षांचे क्रेट वाहून वाहून निळा धूर सोडायला लागली, म्हणून काकांनी इंजिन उतरवलं. सिलिंडर बोअर केलं, पिस्टन, त्यावरच्या रिंगा, बेअरिंग सगळं नवं. पैशाकडे पाहिलं नाही. गॅरेजवाल्याने इंजिन चालू केलं आणि दिवसभर आवारात तसंच धडधडत ठेवलं. म्हणे, "काका, मोकळं होऊ द्या." वर ताकीद दिली, महिनाभर चाळीसच्या पुढे जायचं नाही. काका शब्दाचे पक्के. त्र्यंबक रस्त्याला मागे हॉर्नचा गोंगाट चालायचा, पण काटा चाळीसवरून हलला नाही. दिवाळीच्या आत गाडी पुन्हा ऑइल प्यायला लागली.

हेड उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, भाजलेल्या ऑइलचा तपकिरी, काचेसारखा थर चढला होता. होनिंगच्या तिरप्या रेषा त्याच्याखाली बुजलेल्या. नख फिरवलं तर कुठे अडकेना. आणि रिंगा? जवळजवळ कोऱ्या! एकही सुटा भाग खराब नव्हता, कारागिरी चोख होती, आणि तरी सगळं काम पाण्यात. मला याचा आजही राग येतो, कारण हाच सल्ला आजही दिला जातो.

रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला फारशी दाबली जात नाही. जळलेल्या गॅसचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर जोरच नाही, तर नुसत्या आयडलिंगला, गाडी जागेवर उभी ठेवून, हा दाब येणार कुठून? रेषांची बारीक टोकं घासून रिंग बसायला हवी, ती बसत नाही. भिंतीवर उरलेलं ऑइल तिथेच भाजतं. आपल्या नाशिकला तर चढ-उतारांची कमी नाही. पेठ रस्ता धरा, तिसऱ्या गिअरला चाळीसवरून साठपर्यंत जोर द्या, मग पाय काढा आणि गाडीला इंजिनवरच हळू होऊ द्या. पुन्हा तेच. हायवेला एकाच वेगाने तासन् तास जाऊ नका. आणि हो, नारळ फोडायला सप्तशृंगीला जरूर जा, पण पाच माणसं आणि सामान घालून पहिल्याच दिवशी गड चढवू नका. देवी थांबेल.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. आता ऑइलचं भराभर सांगतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन तोडून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. नवी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि तिच्यावर घासणारे जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट असतील तर सुरू होताच २० मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवा, कारण कॅमला ऑइल मिळतं ते क्रँकच्या शिंतोड्यांतून. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल, ग्रेड मॅन्युअलमधला. सिंथेटिक ऑइल रिंगा बसल्यावरच. पहिलं ऑइल ५० ते १०० किलोमीटरमध्येच काढा, गरम असताना, फिल्टरसकट. त्यात रिंगांची घासण, जुळणीचं ग्रीस आणि होनिंगचा राहिलेला कण न् कण असतो. हजार रुपये वाचवायला ते बेअरिंगमधून फिरवत ठेवू नका. दुसरं ५०० किलोमीटरला, तिसरं १५०० च्या आसपास. ऑइल मोजायची कांडी रोज बघा, रेडिएटरचं पाणीही बघा.

उतरवलेला फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. राखाडी, बोटाला पावडरीसारखी लागणारी घासण असेल तर चालेल. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग जातंय, गाडी तिथेच बंद करा. दोन्ही प्रकारचे फिल्टर कापून टेबलावर ठेवले आहेत. हात काळे होतील, पण उलगडून बघा.