आधी वंदन, मग झुंज

नमस्कार श्रोतेहो.

आज थायलंडच्या मुए थाईबद्दल बोलायचंय. मुठी, कोपर, गुडघे, नडग्या, सगळं वापरून लढायची झुंज. पण मला सांगायचाय तो मार नव्हे, माराआधीचा नाच.

बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीच्या काठावर जुन्या गोद्यांच्या जागी एशियाटिक नावाचा बाजार आहे. तिथं २०१४ साली ‘मुए थाई लाइव’ हा नाट्यप्रयोग सुरू झाला. दिग्दर्शक एकाचाय उएक्रोंगथाम. जुन्या मल्लांच्या कथा रंगमंचावर, आणि नाटक संपलं की खऱ्या झुंजी व्हायच्या. त्यातल्या एका मल्लाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. नाय खानोम तोम.

१७६७ साली ब्रह्मदेशाच्या फौजेनं थायलंडची तेव्हाची राजधानी आयुथया जिंकली आणि जाळली. आयुथया म्हणजे अयोध्याच, नाव रामायणातलं. माणसं कैद करून नेली, त्यांत हा तोम. पुढं १७७४ साली ब्रह्मदेशात रंगूनला श्वेडगॉन पॅगोड्याचा, म्हणजे तिथल्या बौद्ध देवळाचा, उत्सव भरला. राजासमोर झुंजी लागल्या. राजा म्हणाला, त्या कैद्यांतला कुणी उभा करा, बघू तरी कसे लढतात.

तोम पुढं आला. समोर ब्रह्मी मल्ल, भोवती परकी गर्दी. आणि हा गडी नाचायलाच लागला! संथ, एकेक पाऊल मोजत, समोरच्याभोवती फेर धरून. लोक चक्रावले. हा काय प्रकार? मंत्र घालतोय की काय? नाच संपला, तोम झेपावला आणि बघता बघता समोरचा आडवा. पंच म्हणाले, हे धरायचं नाही, त्यानं नाचून भुरळ घातली. मग दुसरा आला, तिसरा आला. सांगतात की असे नऊ-दहा जण आले, मध्ये विसावा नाही, आणि एकेक करून सगळे पडले. राजा म्हणाला म्हणे, या माणसाच्या अंगाअंगात विष आहे!

तो नाच म्हणजे ‘वाय ख्रू’. वाय म्हणजे हात जोडणं. आणि ख्रू म्हणजे गुरू, आपलाच शब्द. पुन्हा सांगतो, वाय ख्रू म्हणजे गुरुवंदन. गाव जळालेलं, गुरू जवळ नाही, शत्रूच्या राजधानीत नव्हे तर त्याच्या देवळाच्या अंगणात उभं राहून हा कैदी आधी गुरूला हात जोडतो. ती भुरळ नव्हती, ती ओळख होती. मी कोण, कुणाचा, हे सांगणं होतं. १७ मार्चला थायलंडमध्ये त्याचा दिवस पाळतात.

म्हणून ही झुंज रंगमंचावर शोभते. तिच्यात वाद्यं मुळातच आहेत. सनईसारखी पी, ढोलांची जोडी, झांज. वंदन चालू असताना लय संथ, झुंज पेटली की चढत जाते. कुस्तीच्या मैदानात हलगी चढते ना, अगदी तशी. आणि हलगीवरून सांगतो, जत्रेच्या मैदानात हलगीवाल्याला हटवून कर्णे लावतात ते मला मुळीच पटत नाही. पैलवानाच्या अंगात येतं ते हलगीनं. त्याला बोलवा, नीट बिदागी द्या.

आणखी एक. मुए थाईत एका डावाचं नाव आहे, ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’. दोन्ही मुठी खालून वर, हनुवटीवर. मारुतीनं सीतामाईला अंगठी दिली ती आपल्या लाल मातीतल्या पैलवानांना ठाऊक आहेच. थायलंडच्या रिंगणात तिचा ठोसा झाला.

वंदन करताना मल्लाच्या डोक्यावर एक कडं असतं, मोंगखोन. मंगल हा शब्दच तो. ते मल्लानं स्वतः काढायचं नसतं. नाच संपला की तो आपल्या कोपऱ्यात येतो आणि दोरांवरून मान पुढं करतो. गुरू पुटपुटत ते कडं उतरवतात. मग घंटा होते.