हयातीचा दाखला आणि शाहू महाराजांचा हुकूम

‘उदयोन्मुख तंत्रज्ञानाची नीती : मानवतावादी दृष्टी’ असा विषय संयोजकांनी छापलाय. पत्रिका बघून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, हे एवढं वाचून कोण येतंय! तुम्ही आलात. शाहू स्टेडियमवर मॅच असताना आलात, म्हणजे विषयात दम असावा, नाहीतर बाहेर चहा चांगला असावा.

मानवतावाद या कोल्हापूर शहराला मी काय सांगायचा? नवमानवतावाद मांडणारे मानवेंद्रनाथ रॉय, त्यांच्या विचाराचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तुम्ही वाचलेत. कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांना समोर बसून ऐकलंय. राष्ट्र, वर्ग, धर्म, कशाच्याही नावाने जिवंत माणसाला हत्यार करू नका, एवढाच त्याचा गाभा. रॉय तर इतके हट्टी, की १९४८ साली त्यांनी स्वतःचा पक्षच विसर्जित केला. आजच्या पक्षांना मी हे सुचवत नाही. एका पक्षातून दुसऱ्यात विसर्जित व्हायची कला त्यांना आधीच येते. (हशा)

माझं म्हणणं असं आहे, की त्या यादीत आता ‘सिस्टीम’ हे एक नाव वाढवावं लागेल. कसं ते सांगतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलंय, तरी सांगतो.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत जन्मभर मोल्डिंग केलं. वाळू, ताव, घण. हाताची कातडी अशी झालीय की चहाचा पेला थेट विस्तवावरून उचलतील. त्यांना पीएफची तुटपुंजी पेन्शन आहे आणि तिच्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मामा गेले, अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. दुसरा अंगठा. नाही. मग तर्जनी, मधलं, करंगळी. दहाही बोटं झाली. रांगेतल्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं खोबरेल लावा, कुणी म्हणालं लिंबू चोळा, एका ताईंनी पर्समधून क्रीम काढून दिलं. मामांचे हात जन्मात पहिल्यांदा गुळगुळीत झाले, पण जुळले नाहीत.

काउंटरवरचा पोरगा गल्लीतलाच. लहानपणी याच मामांच्या खांद्यावरून पंचगंगेत उड्या मारलेला. तो म्हणाला, “मामा, मला तुम्ही दिसताय ओ. पण सिस्टीमला दिसत नाही.”

मामा म्हणाले, “मग आता मी घरी कसा जाऊ? मेलेल्या माणसाला केएमटीच्या बसमध्ये तिकीट देतात का?”

तुम्ही हसलात. पुढच्या रांगेतले हसले नाहीत. त्यांचा दाखला अजून व्हायचा असणार. मामांनी मग हेलपाटे घातले. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. मधल्या काळात पेन्शन थांबली. शेवटी भाच्याने मोबाईलवर चेहरा दाखवून काम केलं. त्यात डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. मामांनी पापणी लववली आणि शासनदरबारी ते पुन्हा जन्मले.

आता राग कुणावर काढायचा? यंत्र बिचारं बोटावरच्या रेषा शोधतं. त्या झिजल्या तर त्याला काय सापडणार? अंगठा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने हयात पटवायची सोय असते, ती कुणीतरी सही करून वापरायची असते. त्या कार्यालयात ती सही करायला कोणी तयार नव्हतं, कारण सही केली की जबाबदारी आली. माझी तक्रार तिथे आहे. यंत्र आलं आणि माणसाला ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणायची कायमची मुभा मिळाली.

हे नवं नाही. आपल्या जिल्ह्याने हा धडा सोनोग्राफीच्या वेळी गिरवलाय. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात मुली ९१३ आणि कोल्हापुरात ८३९. शाहूंच्या जिल्ह्यात! गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९९४चा, यंत्रं साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गावोगाव. मग जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुखांच्या काळात ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ आला. सोनोग्राफीच्या यंत्राला जोडायचं, प्रत्येक तपासणीचं चित्रण साठवून ठेवणारं उपकरण. म्हणजे यंत्रावर नजर ठेवायला यंत्र. रेडिऑलॉजिस्ट संघटना उच्च न्यायालयात गेली, रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा काढला. २०११ साली न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायम ठेवला.

मी त्या उपकरणाच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण गुन्हा करणारा डॉक्टर आणि दबाव आणणारं सासर, आणि साठवलं जाणार पोटुशी बाईच्या पोटाचं चित्र. तिला कुणी विचारलं होतं? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आज तोच खटला उभा राहिला तर निकाल कदाचित तोच लागेल, पण ते चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार, याची उत्तरं आधी द्यावी लागतील. वकील मंडळी मान हलवतायत. कुठल्या दिशेने ते मला चष्म्याशिवाय कळत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जाहीर केलेल्या व्याख्यानाला आता सुरुवात करतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता. ही यंत्रं जुन्या नोंदींवर शिकतात. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळणारं एक यंत्र बनवायला घेतलं होतं. आधीची भरती बहुतेक पुरुषांची, म्हणून ते बायकांच्या अर्जांना मागे टाकायला लागलं. कंपनीने ते गुंडाळलं. २०१८ साली बातमी फुटली. आता हेच कोल्हापुरात आणून बघा. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांत ६० ब्राह्मण होते. त्या नोंदींवर एखादं यंत्र शिकवून, ‘नव्या जागांना लायक कोण?’ असं विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं? तीच आडनावं, आणि वर अचूकतेची टक्केवारी. २६ जुलै १९०२ला निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तो आधीच्या सगळ्या नोंदी अमान्य करून. कालच्यासारखंच उद्या चालवायचं नाही, असं एका माणसाने ठरवलं आणि खाली सही केली. टीका झाली, ती त्याने अंगावर घेतली. मला यंत्राच्या मागे असा सही करणारा हवाय.

कायद्यात हे आणता येतं. युरोपात २०१८पासून लागू असलेल्या नियमांत, तुमच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला तर काही अपवाद सोडून त्याला हरकत घेता येते, माणसाने त्यात लक्ष घालावं असं मागता येतं. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तक्रारीची, दुरुस्तीची सोय आहे, पण हा हक्क नाही. कर्ज नाकारलं, रेशन अडलं, नाव यादीतून गळलं, तर ‘का’ हे कुणाला विचारायचं? आपल्या आमदार-खासदारांकडे एवढी एक मागणी लावून धरा. रस्त्यांच्या मागण्या होतच असतात. होतात म्हणजे, मागण्या होतात. (हशा)

जनुकांवर मी अर्धा तास काढून ठेवला होता. दोन वाक्यांत उरकतो. २०१८मध्ये चीनमधल्या हे जियानकुईने भ्रूणाची जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तुरुंगात गेला. त्या मुलींची संमती घेणं कुणालाच शक्य नव्हतं. दुसरीकडे जनुकं कापणाऱ्या त्याच ‘क्रिस्पर’ नावाच्या कात्रीने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर उपचार निघाला, २०२३ला ब्रिटनमध्ये मंजूर झाला. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत ठेवली २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने अठरा कोटी रुपयांच्या घरात. सिकलसेलचे आपल्याकडचे रुग्ण आहेत नंदुरबारला, गडचिरोलीला. तिथल्या आश्रमशाळेतल्या पोराला तो कधी आणि कुणाच्या पैशाने मिळणार, यावर प्रश्न आले तर बोलतो. माईक आधी मागच्या रांगेत द्या, पुढचे लोक मला घरी येऊनही विचारतात.