आईच्या 41 वह्या

(आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. खोकला, खुर्च्यांचे आवाज आणि दोन मोबाइल काढून टाकलेत.)

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? नसलं येत तर पुढे या, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. पुण्यात पहिल्या रांगेत बसायला लोक का घाबरतात मला अजून कळलेलं नाही, वक्ता काही प्रश्न विचारत नाही.

फळ्यावर विषय लिहिलाय ‘घरगुती हिशेबावरून चरित्र कसं लिहावं’. खरं म्हणजे सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं की आईबद्दल बोलेन. ते म्हणाले, आईबद्दल सगळेच बोलतात हो, मागच्या महिन्यात दोघं बोलले आणि दोघंही रडले, चहा गार झाला, जरा वेगळं काहीतरी द्या. म्हणून हा भारदस्त विषय. मी 36 वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढली, त्यामुळे मी रडेन ही भीती बाळगू नका. आक्षेप काढीन. (हशा)

पहिला आक्षेप आधीच काढून टाकतो, तो छातीवर बसलाय. आई 2021 मध्ये गेली, 87 वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाची बातमी द्यायला गेलो, नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तेच वाचता. काउंटरवर एक तरुण मुलगा, स्वभावाने चांगला. म्हणाला काका, मजकूर तयार असतो, फक्त नावं भरायची. ‘अल्पशा आजाराने निधन, त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या, त्यांच्या पश्चात...’ वगैरे. मी म्हटलं आई धार्मिक वगैरे बेताचीच होती, आणि मनमिळाऊ, असं आहे की आमच्या भाजीवालीला विचारावं लागेल. तो म्हणाला मग कष्टाळू टाकू? मी म्हटलं असं लिहा, ‘त्यांनी 58 वर्षं घराचा रोजचा हिशेब लिहिला’. त्याने पेन खाली ठेवलं. ‘असं कोणी देत नाही हो काका.’ मग विचारलं, नोकरी होती का कुठे? नव्हती. ‘मग गृहिणी टाकतो.’ मी म्हटलं टाका, दमलो होतो.

आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं काय? ‘त्यांच्या पश्चात्ताप दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ (हशा) हसा, हसा, तेव्हा आम्हीही हसलो. सुतकात. धाकटा भाऊ म्हणाला अरे, चूक नाहीये ती, आईने जाता जाता स्वतः दुरुस्त करून घेतलंय. मी दुरुस्ती छापा म्हणून पत्र दिलं, त्याचं उत्तर अजून यायचंय. चार वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाई म्हणाल्या, वाचकांना अर्थ कळला असेल ना? कळला म्हणूनच तर भांडतोय!

असो. चिडायचं कारण ती छपाईची चूक नव्हतंच. ती चाळीस शब्दांची बातमी परत वाचली तर तिच्यात आई कुठेच नाही. ती कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची आजी एवढं आहे, म्हणजे बाकीचे सगळे आहेत. आणि मग तेराव्याला ज्यांनी भाषणं केली त्यांनी ‘त्याग’ हा शब्द मी मोजला, 11 वेळा वापरला. मला सवय आहे मोजायची. त्याग, वात्सल्य, चंदन झिजणं. अहो, पण ती नक्की करायची काय?

तर वह्या. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात 41 वह्या निघाल्या. पहिली ऑगस्ट 1961 ची. त्याआधीच्या नाहीत, कारण तुम्हाला माहितीच आहे. 12 जुलै 1961, बुधवार, पानशेतचा पूर. इथे त्या दिवशी पुण्यात असलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, तरुण मंडळी जास्त दिसतात. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, मातीच्या भिंतींचा वाडा. पानशेत धरणावर आदल्या दिवसापासून जवान वाळूची पोती रचत होते, सकाळी धरण गेलं, त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं, आणि दुपारी लकडी पूल पाण्याखाली. मी पाच वर्षांचा. ‘पाणी आलं, पाणी आलं’ ओरडत लोक पळायला लागले तेव्हा घरातून कुणी काय घेतलं ते मी आयुष्यभर ऐकत आलोय. वडिलांनी हपिसच्या कपाटाची किल्ली घेतली. हपिस पाण्यात गेलं असतं तरी किल्ली शाबूत! आईने धाकट्याला कडेवर घेतलं, मला दंडाला धरलं, आणि रेशनकार्ड पोलक्यात खोचलं. टिळक रोडवरून पर्वतीपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही, चार दिवस बोटं उमटलेली होती. पुढे मदतीच्या रांगेत कार्ड लागलं. किल्ली लागली नाही, पण वडील ती प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे.

वाडा बसला. लग्नापासूनच्या सात वर्षांच्या वह्या त्यात गेल्या. मग आम्ही गोखलेनगरला पूरग्रस्त वसाहतीत, ते अर्धगोल पत्र्याचं निसन हट, उन्हाळ्यात आत पापड भाजून निघावा. पहिल्या वहीचं पहिलं पान मी आणलंय, लांबूनच दाखवतो. ‘2 ऑगस्ट. वही 25 न.पै.’ न.पै. म्हणजे नवे पैसे. 1957 ला दशमान नाणी आली ती 1964 पर्यंत नवे पैसेच होती, तरी आई बोलताना आणेच म्हणायची. म्हणजे सगळं वाहून गेल्यावर या बाईने विकत काय घेतलं तर आधी वही. त्याखाली काडेपेटी, रॉकेल, मीठ. आणि त्याखाली, हे बघा, ‘तवा 1, कपबशा 4’, किमतीच्या जागी रेघ, पुढे ‘उसने, परत करणे’. नोव्हेंबरात त्याच्यावर बरोबरची खूण. मी सरकारी खात्यांची दप्तरं तपासली आहेत हो, तीनशे कोटींची. उसनी कपबशी नोंदलेली कुठे सापडली नाही.

आपण पुणेकर आहोत. पेशवे दफ्तरात मोडीतले रुमालच्या रुमाल हिशेब बांधलेले आहेत, कुठल्या मुदपाकखान्यात तूप किती लागलं, शालजोड्या किती दिल्या, आणि त्या तुपावरून आपले इतिहासकार राज्य कसं चाललं ते सांगतात. सांगावंच. पण मग आमच्या घरातलं तूपही तूपच होतं की! पेशव्यांचं तूप इतिहास आणि आईचं तूप रद्दी, हा कुठला न्याय?

1972 चा दुष्काळ घ्या. तिकडे फार रमत नाही, आपण सगळ्यांनीच मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्लाय. नोंद एवढीच, ‘मिलो 5 किलो’, आणि समासात बारीक अक्षरात, ‘थापताना फाटते’. ती लाल भाकरी. समासातली नोंद ही फार मोठी गोष्ट आहे, विसरू नका, पुढे येणार आहे.

आता आजी. 1985 ला मला मुलगी झाली, 88 ला मुलगा. बायको बँकेत. पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, ‘मी काय मेलीये?’ संपला विषय. तेव्हापासून वह्यांचा चेहरा बदलतो. राजगिऱ्याची वडी, बाळगुटी, पीएमटीची बस, खोडरबर, परत खोडरबर, पाच दिवसांत तिसरं खोडरबर. आणि मे 1993 ला, ‘पोहणे फी, दोघे. टिळक तलाव.’ ही नोंद सलग चार उन्हाळे आहे. फी आईच्या पैशातली, आम्ही दोघंही म्हणत होतो कशाला, अभ्यासाचे वर्ग लावू. तिने ऐकलं नाही. मी एकदा रजा काढून बघायला गेलो. पोरं पाण्यात, इतर आया-आज्या कठड्यापाशी उभ्या राहून सूचना देतायत, आणि आमची आई दोन टॉवेल छातीशी धरून तलावाकडे पाठ करून उभी. पूर्ण पाठ. मला म्हणाली, ‘ओरडला कुणी तर सांग.’ साठीला आलेली बाई, पुरानंतर नदीकाठी कधी गेली नाही, गणपती विसर्जनालाही घरूनच नमस्कार. पण पोरांना पोहता आलंच पाहिजे. तिला मी याबद्दल कधी विचारलं नाही. तेराव्याला हे कुणी बोललं नाही, मीही नाही, कारण मला ते वह्या चाळतानाच आठवलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, मी अजून विषयावर आलेलो नाही! (हशा) चहा झाकून ठेवा.

बरं, पटापट. पिगू नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला की गृहस्थाने आपल्या घरकामवालीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं, काम तेच, पगार बंद. आपल्या जनगणनेतही घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’तच धरतात. 2019 साली सरकारने लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात त्याची पाहणी केली, त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं, आणि जे पुरुष ते करतात त्यांचे 97. ज्या पुरुषांना 97 जास्त वाटतात त्यांनी घरी जाऊन विचारावं. पण मिनिटांनी चरित्र होत नाही, म्हणून वह्या. पद्धत अशी की वर्षांप्रमाणे लावा, खाडे कुठे आहेत ते बघा. आमच्याकडे मार्च 1998 मध्ये 19 दिवस कोरे, वडील गेले तेव्हा. विसाव्या दिवशी ‘दूध अर्धा लिटर’. आधी रोज एक लिटर असायचं. समास वाचा. आणि आधीच त्याग शोधत बसू नका, नाहीतर तेवढाच सापडेल.

कारण मला काय सापडलं सांगतो, हे माझं मुख्य म्हणणं होतं, ते आता दोन मिनिटांत. नोव्हेंबर 1974. ‘बालगंधर्व, तिकीट 4 रु.’ आणि समासात एक शब्द, ‘एकटी’. अशा नोंदी पुढच्या सहा वर्षांत 14 आहेत. आम्हाला कुणालाही माहीत नाही. बहिणीला आठवतंय की आई मधूनच डेक्कनला हळदीकुंकवाला जायची, बाराही महिने हळदीकुंकू असतं का हो? वडिलांना नाटकाचं वावडं, म्हणजे खर्चाचं. तर घरी खोटं बोलून ही बाई एकटी नाटकाला गेली, चौथ्या-पाचव्या रांगेत कुठेतरी बसली असेल, आणि घरी येऊन स्वयंपाकाआधी की नंतर ते माहीत नाही पण वहीत खरं लिहिलं. तीच वही घरात उघडी पडलेली असायची. आम्ही कुणी वाचली नाही. मी ऑडिटर, मीही नाही!

हो हो, उठतोच. फक्त एक. फेब्रुवारी 1963 पासून दर महिन्याच्या पाच तारखेला ‘दे. 2 रु.’ अशी नोंद आहे, 1979 पर्यंत, एकही महिना चुकलेला नाही. भाऊ म्हणतो देव. आईने देवाला दोन रुपये दिले असतील असं मला वाटत नाही. मागून कुणीतरी देणं म्हणालं, असेल, पण कुणाचं? गोखलेनगरला तेव्हा राहिलेलं कुणी असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. 63 ची वही फिरवतोय, बघून पुढे द्या, पानं पिवळी पडलीयेत, आणि कृपा करून बोटाला थुंकी लावून उलटू नका.